उसाचं वजन कळतं, पोराची शाळा कळते का?

सभासद बंधु-भगिनींनो,

उसाची नोंद दिल्यापासून वजनपावती हातात पडेपर्यंत आपण गट ऑफिसचा उंबरठा झिजवता. लागणीची तारीख बरोबर पडली का, तोडीचा प्रोग्राम कधी, टोळी कुठवर आली, काट्यावर टनेज किती भरलं, पहिला हप्ता केव्हा निघणार, ही चौकशी चिटबॉयपासून शेतकी अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांकडे होते. ती व्हायलाच पाहिजे. माल आपला आहे, कारखानाही आपला आहे. पण त्याच घरातलं पोरगं रोज सकाळी दप्तर घेऊन शाळेत जातं, तिथं काय चाललं आहे याची चौकशी किती जण करतात? "चौथीला आहे" यापलीकडे पुष्कळ बापांना सांगता येत नाही. आईला थोडं अधिक ठाऊक असतं, पण सभेचा निरोप बहुधा तिच्यापर्यंत पोचतच नाही.

आम्ही शेतकी खात्यातली माणसं. शिकवणं हे आमचं काम नव्हे. पण वाड्यावस्त्यांवर वर्षभर फिरणं होतं आणि शाळेच्या वेळात मळ्यात दिसणारी पोरं आमच्या नजरेस पडतात. कुणी टोमॅटोच्या खुड्याला असतं, कुणी कांद्याच्या लागणीला, तर कुणी धाकट्या भावाला सांभाळत बांधावर बसलेलं असतं. म्हणून या अंकात खत-पाण्याऐवजी शाळेबद्दल लिहीत आहोत.

सांगणं हे गुरुजींचं काम, कायद्यानेच

केंद्र सरकारचा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. मूल शाळेत घातलंच पाहिजे, एवढं पुष्कळांना माहीत आहे. त्यातलं कलम 24 मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यात शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत, त्याची प्रगती व इतर जरूर ती माहिती पालकांना द्यावी, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे गुरुजींनी सांगितलं तर ते उपकार नव्हेत आणि आपण विचारलं तर ती आगळीक नव्हे.

कलम 21 प्रमाणे प्रत्येक सरकारी, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. अनुदानित शाळेत ती सल्ला देण्यापुरती असते. समितीत चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेचं काम कसं चाललं आहे आणि अनुदानाचा पैसा कुठं खर्च झाला यावर लक्ष ठेवणं हे या समितीचं काम. बंधूंनो, कारखान्याच्या संचालक मंडळावर कोण आहे हे आपल्याला तोंडपाठ असतं. गावच्या शाळेच्या समितीवर कोण आहे, हे सांगता येईल का? पुष्कळ गावी समितीवर असलेल्या बाईलाच आपण समितीवर आहोत हे ठाऊक नसतं. सहीपुरतं रजिस्टर घरी येतं आणि जातं.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातूनच निघाली

सक्तीच्या शिक्षणाची कल्पना दिल्लीहून आली असं कुणी समजू नये. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी 1863 साली एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला मुलगा 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव महाराज गायकवाड. दत्तक जाईपर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो सर्व संस्थानात लागू केला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली तसाच कायदा केला. त्याही आधी, 1882 साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितलं होतं की सरकारी तिजोरीतला पैसा रयतेच्या घामाचा आहे, तेव्हा रयतेच्या पोरांचं प्राथमिक शिक्षण आधी बघा.

त्या काळी सारा जोर पोराला शाळेत घालण्यावर होता आणि न घालणाऱ्या बापाला दंड होई. आता पोर शाळेत जातं, पण आत त्याचं काय होतं हे घराला कळत नाही. सक्तीचं निम्मं काम झालं, निम्मं राहिलं.

नांग्या वेळेवर भराव्या लागतात

उसाची लागण झाल्यावर कुठं कोंब आला नाही हे बघून महिन्याभरात नांग्या भरल्या तर पीक एकसारखं येतं. बांधणी झाल्यावर नांग्या भरणारा शेतकरी आम्ही अजून पाहिलेला नाही. पोराचंही तसंच आहे. पहिली-दुसरीत अक्षर बसलं नाही तर चौथीत ते समोरच्या पोराचं बघून उतरवून काढतं. वही भरलेली दिसते, बाप खूश होतो, आणि पाचवीत दुसऱ्या गावच्या शाळेत गेल्यावर सगळं उघडं पडतं.

ही तपासणी घरबसल्या करता येते. 'प्रथम' संस्थेची मंडळी 2005 पासून 'असर' या नावाने गावोगाव अशीच पाहणी करतात. रीत साधी आहे. मुलाला आधी सुटी अक्षरं वाचायला द्या, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पुस्तकातला परिच्छेद, मग दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट. कुठं अडतं ते बघा. हिशेबात दोन अंकी हातच्याची वजाबाकी घाला आणि मोठ्याला तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. स्वतःला वाचता येत नसेल तर शेजारच्या आठवी-नववीच्या पोरीला बसवा. मात्र पोर अडलं म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घालू नका. कुठं अडलं ते दुसऱ्या दिवशी बाईंना किंवा गुरुजींना सांगा आणि "आता काय करू या?" असं विचारा.

शाळेत गेल्यावर काय विचारावं?

"आमचं पोरगं कसं आहे?" असं विचारलं की "बरं आहे" एवढंच उत्तर येतं. ऊस कसा आहे म्हटल्यावर आम्हीही तेच सांगतो! म्हणून नेमकं विचारावं:

1. या महिन्यात किती दिवस शाळा भरली आणि माझं मूल किती दिवस हजर होतं? पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस शाळा भरली पाहिजे असं कायदा सांगतो. छाटणी, खुडा, कांदा आणि लग्नसराई यांत त्यातले किती गेले, हे आपणच मोजावं.

2. वाचन आणि गणितात कुठं मागं आहे? प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीचा अर्थ समजावून घ्या. सही करून पुस्तक परत धाडणं म्हणजे न वाचता करारनाम्यावर अंगठा देण्यासारखं आहे.

3. वर्गात कुणाशी बोलतं का, कोपऱ्यात बसतं का, फळ्यावरचं दिसतं का, नीट ऐकू येतं का?

4. दुपारचं जेवण कसं असतं? पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, आणि एकूण जेवणातून 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिनं असं माप ठरलेलं आहे. एखाद दिवशी जाऊन चव घेतली तर कुणी नाही म्हणणार नाही.

5. मारतात का? अंगावर हात टाकण्यास व मानसिक छळ करण्यास कायद्याने बंदी आहे.

शाळेनेही थोडं जुळवून घ्यावं

आता दुसरी बाजू. गुरुजींची तक्रार असते की सभा बोलावली तर चार माणसं येतात. त्यात तथ्य आहे. पण सभा अकराला ठेवली आणि त्याच वेळी शिवारात वीज आली, तर माणूस मोटार सोडून येणार कसा? संध्याकाळी दूध घालायला सगळे डेअरीवर जमतात, त्यानंतरची वेळ धरली तर माणसं येतील. सभेची चिठ्ठी डेअरीच्या आणि सोसायटीच्या फळ्यावर लावावी.

हल्ली निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. पण फोन बापाच्या खिशात, बाप मार्केटात, आणि पोराचा अभ्यास बघणारी आई घरी. वाचता न येणाऱ्या आयांसाठी गुरुजींनी लिहिण्याऐवजी बोलून निरोप पाठवावा, म्हणजे कुणीही ऐकेल. वस्ती लांब असेल तर सहामाहीतून एकदा वस्तीवरच अर्धा तास बसावं. आम्ही प्लॉटवर आल्याशिवाय आपल्याला आमचं खरं वाटत नाही, तसंच हे आहे.

टोळीची पोरं विसरू नका

हंगामात नांदगाव, चाळीसगाव, बीडकडून कोयते येतात. आई-बाप पहाटे फडात, पोरं कोप्यांपाशी. पूर्वी काही कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालत. 2009 च्या कायद्यानंतर अशा मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत बसवण्यावर भर आला. वय पाहून त्या इयत्तेत घ्यावं आणि दाखल्यावाचून किंवा उशिरा आलं म्हणून अडवू नये, असं कायदा सांगतो. गावाकडून शिक्षण हमी कार्ड आणलं असेल तर ते शाळेत दाखवावं. पण त्या आई-बापाला हे सांगणार कोण? शाळा कुठं, वेळ काय, मास्तर कोण, काहीच माहीत नाही. ज्या सभासदाच्या फडात टोळी उतरते त्याने मुकादमाला एवढं सांगावं, आणि शाळेला पोरांची संख्या कळवावी. आपला ऊस त्यांच्या हाताने तुटतो, तेव्हा एवढं देणं आपण लागतो.

शेवटी एवढंच

ऊस एक हंगाम बिघडला तर खोडवा मोडून पुन्हा लागण करता येते. पोराची पहिली-दुसरी पुन्हा लावता येत नाही. तेव्हा येत्या आठवड्यात एक दिवस काढा, शक्य तर दोघं नवरा-बायको जा, वरचे प्रश्न विचारा आणि शाळा समितीची पुढची सभा कधी आहे ते विचारून या. वजनपावती जपून ठेवता त्याच पाकिटात प्रगतिपुस्तकही ठेवा, आणि दोन्ही वाचत जा.

आपला,
ऊस विकास अधिकारी