मधमाश्यांच्या वसाहतीचे विभाजन आणि मोहरीचा बहर

उत्तर प्रदेशातील झाशी परिसरात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मोहरीची शेते फुललेली असतात. मकरंद आणि पराग मुबलक असल्याने मधपेट्यांतील वसाहती या दिवसांत बळकट होतात. एका वसाहतीच्या दोन वसाहती करण्याची संधी याच काळात मिळते. मात्र त्यासाठी दिवसांचे गणित अचूक साधावे लागते.

पेटीत दाटी झाली, की माश्या नवी राणी वाढवू लागतात आणि जुनी राणी मोठ्या संख्येने कामकरी माश्यांसह बाहेर पडते. असा थवा उडून गेल्यास मधपाळाचे थेट नुकसान होते. हीच नैसर्गिक क्रिया स्वतःच्या देखरेखीखाली घडवून आणणे म्हणजे विभाजन होय.

आठ ते दहा चौकटी माश्यांनी भरलेली वसाहत यासाठी निवडली जाते. जुनी राणी काही चौकटींसह एका पेटीत ठेवून उर्वरित चौकटी दुसऱ्या पेटीत ठेवतात. या राणीविरहित पेटीत अंडी किंवा अगदी कोवळ्या अळ्या असणे अत्यावश्यक आहे. कारण अशाच अळीला सतत राजान्न, म्हणजेच रॉयल जेली, भरवून कामकरी माश्या नवी राणी घडवतात. दोन्ही पेट्या मूळ जागेपासून समान अंतरावर ठेवल्यास परतणाऱ्या माश्या दोहोंत विभागल्या जातात.

अंड्यापासून राणी तयार होण्यास १६ दिवस लागतात, तर कामकरी माशीला २१. नव्या राणीचा नरांशी संयोग होऊन ती अंडी घालू लागेपर्यंत विभाजनानंतर सुमारे चार आठवडे उलटतात. पहिल्या नव्या कामकरी माश्या त्यानंतर तीन आठवड्यांनी बाहेर येतात. हंगामात कामकरी माशीचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे असल्याने नवी वसाहत वाढण्यापूर्वी क्षीण होते. म्हणूनच राणीविरहित पेटीला बंद कोषांच्या चौकटी अधिक दिल्या जातात.

जानेवारीअखेर विभाजन केल्यास नव्या माश्या मार्चच्या उत्तरार्धात कामाला लागतात; मात्र नव्या राणीच्या संयोगाच्या वेळी परिसरात नर उपलब्ध असले पाहिजेत. फेब्रुवारीअखेर विभाजन केल्यास त्या एप्रिलच्या उन्हात, फुलोरा ओसरल्यावर बाहेर पडतात. अशा वेळी साखरेचा पाक पुरवूनही दोन्ही वसाहती दुबळ्या राहण्याचा धोका असतो. त्यामुळे वसाहत दुर्बल असेल किंवा बहर संपत आला असेल, तर विभाजन पुढील हंगामापर्यंत लांबणीवर टाकणेच हिताचे ठरते.