पाइनच्या कोवळ्या कोंबांची एल

मद्याचा विषय निघाला की आपल्या बडोद्यात दोनच प्रकारची माणसे दिसतात. काही नाक मुरडतात. काही आवाज खाली आणून चौकशी करतात. प्रस्तुत लेखाचा दोहोंशीही संबंध नाही. 1960 साली गुजरात राज्य झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे, आणि ती मोडावी असे सुचवण्याचाही माझा हेतू नाही. परंतु एखाद्या मुलखाचे गाणे जसे त्या मुलखाविषयी काही सांगते, तसे तिथले जुने पेयही सांगते. स्कॉटलंडच्या प्रवासात असे एक पेय चाखण्याचा योग आला, त्याची ही हकिकत.

पेयाचे नाव ‘अल्बा’. गेलिक भाषेत स्कॉटलंडलाच अल्बा म्हणतात. ही एक प्रकारची एल, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून अंबवून केलेली बिअर. अ‍ॅलोआ या गावच्या विल्यम्स बंधूंनी ती बनवलेली. नेहमीच्या बिअरमध्ये मद्यार्क चार-पाच टक्के असतो, हिच्यात साडेसात. तेव्हा ही उंच पेल्यातून घटाघटा पिण्याची वस्तू नव्हे. वाइनच्या पसरट पेल्यात, बर्फासारखी गार न करता, सावकाश घ्यायची.

रंग तांबूस तपकिरी, पातळ काकवीसारखा. पेला नाकाशी नेताच पहिला वास आला तो राळेचा. घरच्या लाकूडसामानाला रंग देणारा कारागीर टर्पेंटाइनची बाटली उघडतो, तेव्हा येतो तोच. पण उग्रपणा निथळून गेलेला. ही आठवण अस्थानी नाही, कारण टर्पेंटाइनही पाइनच्या राळेपासूनच निघते. पहिला घोट मात्र गोड लागला, चांगलाच गोड. त्या गोडव्याच्या मागोमाग लिंबाच्या सालीसारखी हिरवट, तुरट चव आली, आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी बारीक कडवटपणा रेंगाळला. दुसऱ्या घोटापासून छातीत ऊब जाणवू लागली.

हे रसायन साधते कसे? जवाच्या माल्टचा रस आणि स्प्रूस झाडाच्या कोवळ्या डहाळ्या बराच वेळ एकत्र उकळतात. शेवटी पाइनचे ताजे कोंब थोडा वेळ त्यात मुरू देतात आणि मग ते अंबवायला ठेवतात. कोंब वसंतात खुडायचे. तेव्हाच ते मऊ आणि रसदार असतात. रस दाट असल्यामुळे यीस्टने आपला वाटा खाल्ल्यावरही बरीच साखर उरते. म्हणून पेय कडक असूनही गोड राहते.

जगभरच्या बिअरला कडवटपणा येतो तो हॉप नावाच्या वेलीच्या फुलांनी. हॉपमुळे बिअर टिकतेही. परंतु स्कॉटलंडच्या थंडीत हा वेल नीट धरत नाही. तो दक्षिणेकडून, इंग्लंडमधून, पैसे मोजून आणावा लागे. डोंगराळ भागातल्या लोकांनी त्यापेक्षा दाराशी असेल ते वापरले: हीदरची फुले, दलदलीतली बॉग मर्टलची पाने, पाइनचे कोंब. हॉप सर्वत्र स्वस्त झाला तशा या चवी मागे पडल्या. 1988 च्या सुमारास ब्रूस विल्यम्स यांनी हीदरची एल पुन्हा बनवायला घेतली. पाइनची ही तिची धाकटी बहीण.

पाइनच्या कोंबांची कल्पना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. घराघरांतल्या कपाटात द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांच्या बाटल्या असत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. काढ्यात गूळ किंवा मध घालायचा, धायटीची फुले टाकायची आणि भांड्याचे तोंड बंद करून ते आपोआप अंबू द्यायचे. देवदार मुख्य असलेले देवदार्वाद्यरिष्टही आपल्या वैद्यकात आहे. आणि देवदार हा पाइनचा सख्खा नातलग. अरिष्टात मद्यार्क असतोच. फक्त ते चमचा मोजून घ्यायचे असते.

युरोपातही सूचिपर्णी झाडांकडे औषध म्हणूनच पाहिले गेले. 1535-36 च्या हिवाळ्यात आजच्या क्विबेकजवळ जाक कार्तिए याच्या खलाशांना स्कर्व्हीने गाठले. एका सदाहरित झाडाची पाने आणि साल यांचा काढा तिथल्या रहिवाशांनी शिकवला आणि उरलेले बरे झाले. 1773 साली कॅप्टन कुकने न्यूझीलंडच्या डस्की साउंडमध्ये स्थानिक झाडांची पाने उकळून खलाशांसाठी बिअर केली, ती याच विश्वासाने. आज आपल्याला ठाऊक आहे की ताज्या पानांत क जीवनसत्त्व असते, पण दीर्घ उकळण्यात त्यातले बरेचसे नष्ट होते. काढ्याचे यश बिअरच्या खात्यावर जमा झाले, एवढेच.

पण या पेल्याची खरी गोष्ट झाडाची आहे. 2014 साली पाइनला स्कॉटलंडचा राष्ट्रीय वृक्ष ठरवण्यात आले. तो मान मिळाला तेव्हा त्याचे मूळ रान जवळजवळ संपले होते. इमारती, जहाजे आणि दोन महायुद्धे यांसाठी झाडे तोडली गेली. 1959 साली स्टीव्हन आणि कार्लाइल या अभ्यासकांनी उरलेल्या रानांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात अशी 35 राने नोंदली गेली. तोड थांबली तरी संकट टळले नाही. शिकारीसाठी राखलेल्या हरणांची संख्या अतोनात वाढली आणि त्यांनी कोवळी रोपे खाऊन टाकली. डोंगरउतारावर दोन-तीनशे वर्षांचे वृक्ष तेवढे उभे राहिले. तिथले लोक त्यांना ‘ग्रॅनी पाइन’, म्हणजे आजीबाई म्हणतात. नाव प्रेमाचे आहे, पण ज्या रानात आज्याच आहेत आणि नातवंडे नाहीत, त्याचे भवितव्य सांगायला ज्योतिषी नको.

गेल्या काही दशकांत चित्र पालटू लागले आहे. अ‍ॅबरनेथीच्या रानाचा मोठा भाग 1988 साली पक्षिसंरक्षक संस्थेने विकत घेतला आणि हरणांची संख्या कमी केली. आता जुन्या झाडांच्या सावलीबाहेर गुडघाभर, कमरेएवढी रोपे आपसूक वर आलेली दिसतात. हरणाला जो कोंब हवा असतो तोच एल करणाऱ्यालाही हवा असतो. तो पुरेल इतका यायचा, तर आधी रोपे जगली पाहिजेत.

म्हणून स्कॉटलंडला जाण्याचा योग आलाच, तर एक सुचवावेसे वाटते. आधी अ‍ॅबरनेथी किंवा रॉथिमर्कस येथील रानात तासभर हिंडावे. पाइनचा एक कोंब बोटांत चुरडून हुंगावा. त्यानंतर मिळाला आणि रुचला, तर छोटा पेला. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनी कोंब हुंगूनच परतावे. त्यांच्या वाट्याला यातला चांगला भाग आलेला असेल.