विश्लेषण : इंग्लंडमधील ‘उत्तर विरुद्ध दक्षिण’ वाद काय आहे? टोपी आणि उच्चारांवरचे विनोद इतके महाग का पडले?

सचिन तेंडुलकरचा १९९२ मधील एक फोटो समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. यॉर्कशायर काउंटीने पहिला परदेशी खेळाडू म्हणून करारबद्ध केलेला कोवळा सचिन, डोक्यावर चपटी कापडी टोपी आणि हातात बिअरचा ग्लास. भारतीय चाहत्यांना त्यात गंमत वाटते ती सचिनच्या वेशाची. इंग्लंडमधील माणसाला मात्र त्या टोपीचा अर्थ लगेच कळतो. चपटी टोपी म्हणजे उत्तर इंग्लंड, कामगार वस्ती, रांगडी बोली. अशा ठोकळेबाज कल्पनांवर तिथे पिढ्यानपिढ्या विनोद होत आले आहेत. पण या विनोदांमागे उत्पन्न, आयुर्मान, रेल्वेमार्ग आणि एका प्रकरणात तर न्याय मिळण्याचाही प्रश्न आहे. इंग्लंडची ही दुफळी नेमकी काय आहे, ते समजून घेऊया.

उत्तर कुठे संपते, दक्षिण कुठे सुरू होते?

सरकारी नकाशात ईशान्य इंग्लंड, वायव्य इंग्लंड आणि यॉर्कशायर-हंबर हे तीन विभाग मिळून उत्तर इंग्लंड होते. मँचेस्टर, लिव्हरपूल, लीड्स, शेफिल्ड, न्यूकॅसल ही शहरे याच भागातली. लोकसंख्या सुमारे दीड कोटी. लोकांच्या मनातील रेषा मात्र वेगळी आहे. लंडनचे लोक गमतीने म्हणतात की वॉटफर्ड गॅपच्या पुढे उत्तर सुरू होते. नॉर्दॅम्प्टनशायरमधील या ठिकाणी एम-१ महामार्गावर १९५९ मध्ये वाहनचालकांसाठी थांबा सुरू झाला आणि तोच दोन जगांमधला नाका ठरला.

भूगोलतज्ज्ञ डॅनी डॉर्लिंग यांनी २००७ मध्ये आरोग्य, घरांच्या किमती, मतदान अशा आकडेवारीवरून एक रेषा आखली. ती नैर्ऋत्येकडील सेव्हर्न नदीच्या मुखापासून ईशान्येकडील हंबरच्या खाडीकडे तिरकी जाते. बर्मिंगहॅम आणि आसपासच्या मिडलँड्स भागाला मात्र दोन्हीकडचे लोक ‘पलीकडचे’ समजतात.

कोण कोणाबद्दल काय बोलते?

दक्षिणेच्या नजरेतला उत्तरेकडचा माणूस ठरलेला आहे. चपटी टोपी, सोबत व्हिपेट जातीचा सडपातळ शिकारी कुत्रा, चिप्सवर ओतलेली ग्रेव्ही, सतत पाऊस आणि धुराडी. स्वभावाने मोकळा पण अडाणी. उत्तरेच्या नजरेतला दक्षिणेकडचा माणूस नाजूक, गर्विष्ठ, पैशाचा लोभी आणि लोकलमध्ये शेजारच्याशी एक शब्दही न बोलणारा.

जेवणाच्या वेळेवरूनही फरक कळतो. उत्तरेतील अनेक घरांत दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ आणि रात्रीच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात. दक्षिणेच्या पाहुण्याला ‘टी’चे आमंत्रण आले तर तो चहा-बिस्किटांच्या अपेक्षेने जातो आणि समोर भरलेले ताट येते. पावासाठीही मँचेस्टरकडे ‘बार्म’, नॉटिंगहॅमकडे ‘कॉब’ असे निरनिराळे शब्द आहेत.

उत्तरेचे लोकही ही प्रतिमा अभिमानाने मिरवतात. आपण किती गरिबीतून वर आलो यावर चढाओढीने फुशारक्या मारणाऱ्या चार यॉर्कशायरकरांचे १९६७ मधील टीव्ही प्रहसन आजही लोकप्रिय आहे. शिवाय उत्तर म्हणजे एकच गट नाही. यॉर्कशायर आणि लँकेशायर यांचे क्रिकेटमधील वैर किंवा लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांचे फुटबॉलमधील वैर लंडनविरोधापेक्षा कमी नाही.

ही दरी पडली कशी?

एकेकाळी पैसा उत्तरेत होता. औद्योगिक क्रांतीत कापड मँचेस्टरभोवती, पोलाद शेफिल्डमध्ये आणि जहाजे टाईन नदीकाठी तयार होत. लिव्हरपूल हे साम्राज्याचे मोठे बंदर होते. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० मध्येच सुरू झाली. धुरकट, मेहनती उत्तर आणि सुसंस्कृत, जमीनदारी दक्षिण ही जोडी याच काळात घट्ट झाली. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या १८५५ मधील कादंबरीचे नावच ‘नॉर्थ अँड साउथ’ आहे.

या इतिहासाचा एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचा पुरवठा तुटला. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, कामगारांवर उपासमारीची वेळ आली आणि त्याच वेळी भारतीय कापसाला सोन्याचा भाव येऊन मुंबईचे व्यापारी मालामाल झाले. युद्ध संपताच मुंबईतील सट्टाबाजार कोसळला. पुढे १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले महात्मा गांधी लँकेशायरमधील डार्वेनला गेले. परदेशी कापडावरील बहिष्काराचा फटका बसलेल्या तिथल्या गिरणी कामगारांनी त्यांचे आपुलकीने स्वागत केले.

मग घसरण कधी सुरू झाली?

पहिल्या महायुद्धानंतर कापड, कोळसा आणि जहाजबांधणी हे तिन्ही उद्योग अडचणीत आले. जहाज कारखाना बंद पडलेल्या जॅरो गावातील सुमारे २०० बेरोजगार १९३६ मध्ये काम मागण्यासाठी चालत लंडनला गेले. त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

दुसरा आणि मोठा धक्का १९८० च्या दशकात बसला. मार्गारेट थॅचर सरकारच्या काळात कारखाने आणि खाणी झपाट्याने बंद झाल्या. १९८४-८५ चा खाणकामगारांचा वर्षभराचा संप अपयशी ठरला. १९८६ मध्ये लंडनच्या शेअर बाजारावरील निर्बंध उठवले गेले आणि वित्तीय क्षेत्राची भरभराट सुरू झाली. एकाच दशकात एका भागाचा रोजगार गेला आणि दुसऱ्या भागाला नवा मिळाला.

१९८१ च्या दंगलीनंतर लिव्हरपूलवर पैसा खर्च करावा की नाही, यावर मंत्रिमंडळात चर्चा झाली. तेव्हाचे अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी या शहराची ‘नियोजित पद्धतीने घसरण’ होऊ देण्याचा पर्याय पूर्णपणे विसरू नये, असे सुचवले होते. ही कागदपत्रे २०११ च्या अखेरीस खुली झाली, तेव्हा लिव्हरपूलकरांना आपला जुना संशय खरा ठरल्यासारखे वाटले.

ठोकळेबाज प्रतिमेची किंमत काय? हिल्सबरोचे उदाहरण

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए कपचा उपांत्य सामना होता. बाहेरची गर्दी आवरेना म्हणून पोलिसांनी एक मोठे दार उघडण्याचा आदेश दिला. लोकांचा लोंढा आधीच भरलेल्या कुंपणबंद भागात शिरला आणि चेंगराचेंगरी झाली. या दुर्घटनेतील मृतांची संख्या आज ९७ मोजली जाते.

दार चाहत्यांनी तोडले, असे पोलिसांकडून सांगितले गेले. चार दिवसांनी ‘द सन’ या दैनिकाने पहिल्या पानावर ‘सत्य’ अशा मथळ्याखाली लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, मदत करणाऱ्या पोलिसांवर हल्ले केले, असे आरोप छापले. ते खोटे होते. पण अनेकांना ते पटले, कारण लिव्हरपूलचा माणूस म्हणजे चोर, दारुडा आणि दंगेखोर ही प्रतिमा आधीच तयार होती. चारच वर्षांपूर्वी ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूल चाहत्यांच्या हुल्लडबाजीनंतर ३९ जणांचा जीव गेला होता, त्याचीही आठवण ताजी होती. हिल्सबरोत मरण पावलेल्या लहान मुलांच्याही रक्तातील मद्याचे प्रमाण तपासले गेले.

सरकारी चौकशीने पोलिसांच्या नियंत्रणातील अपयशावर १९८९ मध्येच बोट ठेवले होते, तरी चाहत्यांवरचा डाग पुसला गेला नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दाखवून दिले की पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते आणि त्यांपैकी ११६ जबाबांतून पोलिसांना अडचणीचा ठरेल असा मजकूर काढला होता. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. अखेर २०१६ मध्ये ज्युरीने निर्णय दिला की हे मृत्यू बेकायदा होते आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता. त्याला २७ वर्षे लागली. या मृत्यूंसाठी तुरुंगात मात्र कोणीही गेले नाही. लिव्हरपूलमधील अनेक दुकानांत ‘द सन’ आजही विकला जात नाही.

उच्चारावरून आजही भेदभाव होतो का?

‘बाथ’ आणि ‘ग्रास’ या शब्दांतील ‘आ’ दक्षिणेत लांबवतात, उत्तरेत तो तोकडा असतो. उत्तरेत ‘कप’चा उच्चार ‘पुट’शी यमक जुळेल असा होतो. ऐकणारा दोन वाक्यांत समोरच्याचे गाव, आणि बऱ्याचदा त्याची ऐपतही, मनाशी ठरवून टाकतो.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बीबीसीने यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले. त्यांच्या उत्तरी उच्चारांतल्या बातम्यांवर विश्वास कसा ठेवायचा, अशा तक्रारी आल्या. पुढे ‘बीटल्स’ आणि १९६० पासून सुरू असलेल्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’ मालिकेने हे उच्चार घराघरांत नेले. तरीही प्रश्न मिटलेला नाही. सटन ट्रस्टच्या २०२२ मधील अहवालात, उच्चारामुळे आपले करिअर अडेल अशी भीती उत्तरेच्या विद्यार्थ्यांमध्ये दक्षिणेच्या तुलनेत बरीच जास्त दिसली. डरहॅम विद्यापीठ तर उत्तरेतच आहे. तिथेही स्थानिक बोलीच्या विद्यार्थ्यांनी टिंगल होत असल्याच्या तक्रारी केल्या आहेत.

आकडे काय सांगतात? चित्र इतके सरळ आहे का?

वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूलमध्ये पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान सुमारे ७३ वर्षे आहे. दक्षिणेतील हॅम्पशायरच्या हार्ट भागात ते ८३ च्या वर आहे. एकाच देशात दहा वर्षांचा फरक.

पण नकाशा जवळून पाहिला की रेषा पुसट होते. गरिबीच्या सरकारी निर्देशांकात २०१०, २०१५ आणि २०१९ मध्ये इंग्लंडमधील सर्वात वंचित वस्ती ठरली ती जेविक, आणि ती आहे दक्षिणेकडील एसेक्सच्या किनाऱ्यावर. लंडनमध्ये घरभाडे वजा केल्यावर लाखो लोक गरिबीत मोडतात. उलट यॉर्कशायरमधील हॅरोगेट हे सुखवस्तू गाव आहे. ब्रेक्झिट म्हणजे उत्तरेचा राग, असेही सर्रास म्हटले जाते. २०१६ च्या सार्वमतात सुंदरलँडने ६१ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने दिली हे खरे, पण मँचेस्टर आणि लिव्हरपूलने युरोपात राहण्याचा कौल दिला आणि दक्षिणेतील केंट, एसेक्सने बाहेर पडण्याचा.

सरकारांनी काय केले?

घोषणा बऱ्याच झाल्या. २०१४ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी ‘नॉर्दर्न पॉवरहाऊस’ची कल्पना मांडली. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी सर्व भागांना समान पातळीवर आणण्याचे, म्हणजे ‘लेव्हलिंग अप’चे आश्वासन दिले आणि मजूर पक्षाचे उत्तरेतील बालेकिल्ले जिंकले. २०२४ मध्ये मजूर पक्ष सत्तेत परतला आणि मंत्रालयाच्या नावातून हे शब्द गेले.

रेल्वेचे उदाहरण सर्वात बोलके आहे. लंडनला उत्तरेशी जोडणाऱ्या ‘एचएस-२’ या अतिवेगवान मार्गाचा लीड्सकडे जाणारा फाटा २०२१ मध्ये रद्द झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बर्मिंगहॅम ते मँचेस्टर हा टप्पाही रद्द केला. ही घोषणा त्यांनी मँचेस्टरमध्येच केली, तीही एका जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत भरलेल्या हुजूर पक्षाच्या अधिवेशनात. वाचलेल्या पैशांतील काही वाटा लंडनच्या रस्त्यांवरील खड्डे बुजवण्यासाठी गेला. मँचेस्टर-लीड्स मार्गाच्या विद्युतीकरणाची घोषणा २०११ मध्ये झाली, २०१५ मध्ये काम काही महिने स्थगित झाले आणि ते अद्याप पूर्ण झालेले नाही.

उत्तरेच्या हाती अधिकार आले का?

स्कॉटलंड आणि वेल्सला १९९९ पासून स्वतःची विधिमंडळे आहेत. इंग्लंडच्या उत्तरेला नाहीत. २००४ मध्ये ईशान्य इंग्लंडसाठी प्रादेशिक सभेचा प्रस्ताव सार्वमताला आला, तेव्हा विरोधकांनी हवा भरलेला पांढरा हत्ती प्रचारात फिरवला आणि ७८ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. लंडन नको, पण आणखी एक राजकारण्यांचा अड्डाही नको, असा तो कौल होता.

त्यानंतर शहरसमूहांसाठी थेट निवडून येणाऱ्या महापौरांचा मार्ग निवडला गेला. ग्रेटर मँचेस्टरचे असे पहिले महापौर अँडी बर्नहॅम २०१७ मध्ये निवडून आले. कोविडकाळात भरपाईवरून केंद्राशी भांडल्यावर त्यांना ‘उत्तरेचा राजा’ असे टोपणनाव मिळाले. त्यांच्या काळात, २०२३ ते २०२५ दरम्यान, खासगी कंपन्यांकडून बससेवेचे नियंत्रण पुन्हा सार्वजनिक यंत्रणेकडे आले. मात्र करांचा मोठा भाग आजही लंडनमध्येच जमा होतो आणि तिथूनच वाटला जातो.

बर्नहॅम हे २००९ मध्ये मंत्री असताना हिल्सबरोच्या विसाव्या स्मृतिदिनी लिव्हरपूलच्या मैदानात गेले होते. न्याय हवा, अशा घोषणांनी लोकांनी त्यांचे भाषण थांबवले. त्यातूनच स्वतंत्र समितीच्या नेमणुकीला वेग आला. सरकारी अधिकारी आणि पोलिसांवर चौकशीत खरे बोलण्याचे कायदेशीर बंधन घालणारे ‘हिल्सबरो कायदा’ नावाने ओळखले जाणारे विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडण्यात आले. लिव्हरपूलच्या कुटुंबांनी अनेक वर्षे लावून धरलेली ही मागणी आहे. पुढच्या दुर्घटनेत बळी कोणत्या गावचा आहे आणि कसा बोलतो, यावरून त्याचे खरेखोटे ठरू नये, असे त्यांचे म्हणणे आहे.