घोड्याचा घास आणि पिसदुऱ्याचं शेण

‘माथेरानसारखी घोड्यावरून फिरायची डोंगरवाट आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत का नाही?’ असं एका वाचकाने विचारलंय. डोंगरांना काय तोटा! गडचांदूरकडे माणिकगड, नागभीडजवळ सातबहिणींचा डोंगर, गडचिरोलीत टिपागड. हौशी लोक पायी चढतातच. पण माझ्या हाती लगाम दिलात, तर मी घोडं डोंगराकडे वळवणारच नाही. नेईन वरोऱ्याकडच्या सपाट शिवारात, पिसदुऱ्याला.

कारण घोड्याचा घास. गवत उपटताना बोट कापतं ना? पात्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, काचच म्हणा. जन्मभर हे कण चावायचे म्हणून घोड्याची दाढ उंच, जबड्यात खोल रुतलेली, आणि झिजेल तशी वर सरकणारी. गवत कुजतं, कण मात्र टिकतात. शिवाय त्यांच्या आकारावरून गवताचं घराणं ओळखता येतं.

पिसदुऱ्याच्या शेतांत मातकट, गुळगुळीत गोटे सापडतात. हातात घेतले तर दगड, मुळात शेण! डायनोसॉरच्या काळातलं, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनच्या कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ते विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आत गवताचे कण! तोवर समज असा, की डायनोसॉर गेले आणि मग गवत पसरलं. 2005 साली ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं आणि तो समज मोडला. 2011 मध्ये याच मंडळींनी तिथल्याच शेणात भाताच्या भाऊबंदांचे कण दाखवले. धानाच्या मुलखाशेजारीच, बघा!

‘डायनोसॉर गवतावर जगत’ अशी बातमी तेव्हा फिरली, ती मात्र अतिशयोक्ती. शेणात गवत थोडंच होतं. बाकी ऐवज इतर झाडपाल्याचा. चरता चरता चार काड्या तोंडात गेल्या, एवढंच.

आणि या पिसदुऱ्यातली डायनोसॉरची हाडं जगापुढे आणली कोणी? नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी, 1860 च्या आसपास. हिस्लॉप कॉलेजच्या पाटीवर नाव उरलंय. पाटीखालून रोज जाणाऱ्या किती पोरांना ठाऊक असेल, की हा पाद्री विदर्भातले दगड फोडत हिंडायचा? चंद्रपूर जिल्ह्यातल्याच मांगलीच्या लाल दगडातली एक कवटी त्यांच्या खटपटीने लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे पोचली. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे तेच हे ओवेन. त्यांनी त्या बेडूकवर्गीय प्राण्याचं नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स, म्हणजे आखूड तोंडाचा.

4 सप्टेंबर 1863. टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून हिस्लॉप संध्याकाळी एकटेच घोड्यावरून परतत होते. वाटेतला नाला पावसाने फुगलेला. मुक्कामावर घोडा एकटाच पोचला.