‘ॲट’ ह्या लहान शब्दाचें सामर्थ्य

इंग्रजींत ‘स्नॅच’ म्हणजे हिसकावून घेणें; परंतु ‘स्नॅच ॲट’ म्हणजे हिसकावून घेण्यासाठीं झडप घालणें. ‘ही स्नॅच्ड ॲट द पर्स’ ह्याचें भाषांतर पुष्कळ जण ‘त्यानें थैली हिसकावली’ असें करितात. थैली त्याच्या हातीं आली, असें तें वाक्य सांगतच नाहीं! एक अव्यय गाळलें कीं सिद्ध न झालेली चोरी त्या मनुष्याच्या माथीं बसते. मराठींत ‘हिसकावूं पाहिली’ असें म्हणावें. मात्र संधीविषयीं ‘स्नॅच ॲट’ म्हटल्यास ती उत्सुकतेनें पत्करिली, असा अर्थ होतो.

‘कॅच’, ‘ग्रॅस्प’, ‘क्लच’ ह्या क्रियापदांचीही रीत बहुधा हीच. बुडणारा मनुष्य काडीलाही ‘क्लच ॲट’ करितो, अशी इंग्रजी म्हण आहे. सर टॉमस मोर ह्यांनीं १५३४ सालीं बंदिवासांत लिहिलेल्या ग्रंथांत ही कल्पना आढळते. आपण ‘बुडत्याला काडीचा आधार’ म्हणतों. आपल्या म्हणींत आधाराचा उच्चार आहे. इंग्रजींत केवळ हात धांवतो, काडी तारील असें कोणी म्हणत नाहीं.

म्हणून भाषांतर करितांना लहान शब्दांस तुच्छ मानूं नये. पुष्कळदां वाक्याचें सत्य त्यांच्यावरच अवलंबून असतें.