मोरचूद, चुना आणि समीकरण

निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव लासलगावच्या बाजारपेठेमुळे कांद्याशी जितके जोडलेले आहे, तितकेच ते द्राक्षाशीही जोडलेले आहे. या परिसरातील बागांवर केवडा आणि करपा या बुरशीजन्य रोगांपासून बचाव म्हणून फवारले जाणारे बोर्डो मिश्रण बागायतदार बांधावरच, ड्रममध्ये तयार करतात. रासायनिक अभिक्रिया म्हणजे काय आणि तिचे समीकरण संतुलित का करावे लागते, हे समजून घेण्यासाठी शाळेतील परीक्षानळीपेक्षा हा ड्रम अधिक उपयोगी आहे, कारण येथे समीकरणाचा हिशेब चुकला तर कोवळी पाने करपतात.

ज्या पदार्थांपासून अभिक्रियेची सुरुवात होते त्यांना अभिक्रियाकारके आणि जे नवे पदार्थ तयार होतात त्यांना उत्पादिते म्हणतात. बोर्डो मिश्रणात अभिक्रियाकारके दोन असतात: मोरचूद, म्हणजे स्फटिकजलासह असलेले कॉपर सल्फेट, आणि चुना. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे प्रमाण सर्वत्र सांगितले जाते. मोरचूद प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये निम्म्या पाण्यात विरघळवतात, तेव्हा स्वच्छ निळे, पारदर्शक द्रावण मिळते. दुसऱ्या भांड्यात कळीच्या चुन्यावर थोडे थोडे पाणी घातले की चुना फुगतो, फुटतो, वाफा येऊ लागतात आणि भांडे हात लावता येणार नाही इतके तापते. ही पहिली अभिक्रिया होय: कॅल्शिअम ऑक्साइड + पाणी → कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. दोन पदार्थांचा संयोग होऊन एकच पदार्थ तयार होतो आणि उष्णता बाहेर पडते, म्हणून ती उष्मादायी अभिक्रिया ठरते. ही निवळी थंड होऊ देऊन वस्त्रगाळ करतात, तिच्यात उरलेले पाणी घालतात आणि मग दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये ओतत काठीने सतत ढवळत राहतात. ढवळता ढवळता पारदर्शकता नाहीशी होते आणि सर्व द्रव आकाशी रंगाचा, गढूळ होतो. पाण्यात न विरघळणारा जो पदार्थ असा वेगळा होतो त्याला अवक्षेप म्हणतात, आणि पानावर चिकटून बुरशीच्या बीजाणूंना रोखतो तो हाच तांबेयुक्त अवक्षेप.

या अभिक्रियेचे सर्वांत सोपे समीकरण असे आहे: कॉपर सल्फेट + कॅल्शिअम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शिअम सल्फेट. दोन्ही संयुगे आपापल्या घटकांची अदलाबदल करतात, म्हणून तिला दुहेरी विस्थापन म्हणतात. प्रत्यक्षात मात्र चुना पुरेसा मिसळण्यापूर्वी जो अवक्षेप तयार होतो तो बहुधा बेसिक कॉपर सल्फेटचा असतो, आणि त्याच्या एका घटकात कॉपर सल्फेटचा १ व कॉपर हायड्रॉक्साइडचे ३ भाग एकत्र बांधलेले असतात. हे समीकरण लिहायचे तर डावीकडे कॉपर सल्फेटचे ४ आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचे ३ भाग घ्यावे लागतात, तेव्हाच उजवीकडे बेसिक कॉपर सल्फेटचा १ आणि कॅल्शिअम सल्फेटचे ३ भाग मिळतात. तांबे मोजले तर डावीकडे ४ आणि उजवीकडे १ अधिक ३. सल्फेट दोन्हीकडे ४. कॅल्शिअम दोन्हीकडे ३. हायड्रॉक्साइड दोन्हीकडे ६. या ४ आणि ३ यांना सहगुणक म्हणतात. समीकरण संतुलित करताना बदल करायचा तो फक्त सहगुणकांत. रेणुसूत्रातील अंकाला हात लावला तर पदार्थच बदलतो.

समीकरण हे प्रमाणही सांगते. मोरचुदाच्या एका मोलचे वजन सुमारे २५० ग्रॅम आणि कळीच्या चुन्याच्या एका मोलचे ५६ ग्रॅम असते. मोल म्हणजे कणांची ठरलेली संख्या. पहिल्या, सोप्या समीकरणाप्रमाणे १ किलो मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना सुमारे २२४ ग्रॅम पुरतो, मग शिफारशीत १ किलो का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. बाजारातील चुना शुद्ध नसतो, हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा काही भाग आधीच चुनखडीत रूपांतरित झालेला असतो, आणि मिश्रण आम्लधर्मी राहू नये म्हणून जादा चुना हेतुपुरस्सर ठेवला जातो. समीकरण किमान मात्रा ठरवते, तर शिफारस प्रत्यक्ष मालाचे दोष धरून बेतलेली असते. दोन्हींत विरोध नाही.

चुना पुरेसा पडला की नाही हे पाहण्याची बांधावरची रीत फार सुंदर आहे. घासून लख्ख केलेला विळा किंवा लोखंडी सळई मिश्रणात काही वेळ बुडवून बाहेर काढतात आणि तिच्यावर तांबूस थर चढला असेल तर चुन्याची निवळी आणखी घालतात. या थरामागे लोखंड + कॉपर सल्फेट → आयर्न सल्फेट + तांबे ही विस्थापन अभिक्रिया असते, जी दहावीच्या विज्ञानाच्या अभ्यासात लोखंडी खिळ्याच्या प्रयोगातून शिकवली जाते. तांबे अवक्षेपात बांधले गेले असेल तर ते लोखंडावर चढत नाही. द्रावणात मोकळे उरले असेल तरच चढते, आणि पाने करपवते तेही हेच मोकळे तांबे. म्हणजे मुख्य अभिक्रिया पुरी झाली की नाही, हे दुसरी अभिक्रिया सांगते. याच कारणासाठी मिश्रण लोखंडी भांड्यात करत नाहीत.

हे मिश्रण फ्रान्समधील बोर्डो परिसरातून आले. वाटसरूंनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडलेला होता आणि त्या वेली केवड्यापासून वाचल्या होत्या, हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये पाहिले आणि १८८५ मध्ये उपाय म्हणून प्रसिद्ध केले.

द्राक्षाचा संबंध रासायनिक समीकरणाच्या जन्माशीही आहे. विंचूरच्या औद्योगिक क्षेत्रात राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वाइन पार्क उभे राहिले, आणि वाइनच्या टाक्यांत जे किण्वन घडते त्याचाच अभ्यास करताना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात द्राक्षरस = कार्बनिक आम्ल (म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड) + अल्कोहोल अशी मांडणी केली. आजच्या समीकरणानुसार ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे २ आणि कार्बन डायऑक्साइडचे २ रेणू मिळतात. म्हणजे १ किलो साखरेपासून जास्तीत जास्त सुमारे ५११ ग्रॅम अल्कोहोल, तर उरलेले ४८९ ग्रॅम वायुरूपाने निघून जाते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी साचतो, म्हणून किण्वन झालेल्या टाकीत वायुवीजन केल्याशिवाय उतरणे जिवावर बेतू शकते.

द्रव्य नाहीसे होत नाही हा लाव्हाझिएचा आग्रह बागेलाही लागू पडतो. १ किलो मोरचुदात सुमारे २५४ ग्रॅम तांबे असते. ड्रममध्ये त्याचे संयुग बदलते, पण तांब्याचा एकही अणू कमी होत नाही, आणि पानावरून धुऊन गेल्यावर ते मातीत उतरते व तेथेच राहते. हेक्टरी १,००० लिटर एक टक्का मिश्रण फवारले तर एका फवारणीत अडीच किलोहून थोडे अधिक तांबे पडते. युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, अशी तांब्याची मर्यादा घातली आहे. तिच्याशी ताडून पाहिले तर वर्षाला पूर्ण मात्रेच्या दोन फवारण्याही तिच्यात बसत नाहीत. विंचूर परिसरातील बागायतदारांनी फवारणीच्या वहीत औषधाच्या नावापुढे तांब्याच्या किलोंचा आणखी एक रकाना आखावा आणि दर हंगामाच्या शेवटी त्याची बेरीज करावी.