दिवस गेल्याचे माहीत नव्हते, आणि गोळी घेतली : गरोदरपणात अशा वेळी सल्ला कसा घ्यावा?

"डॉक्टर, दिवस गेलेत हे मला माहीतच नव्हतं, आणि मी..." हे वाक्य जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला ओळखीचे असते. पुढचा भाग मात्र बदलतो. कोणी दाढदुखीसाठी पेनकिलर घेतलेली असते, कोणाचा छातीचा एक्स-रे निघालेला असतो, कोणाला कुत्रा चावलेला असतो, तर कोणाच्या घरात मुलाला कांजिण्या आलेल्या असतात. विचारणारीच्या मनात प्रश्न एकच असतो : बाळाला काही होणार नाही ना?

या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दोन्ही बाजूंनी महाग पडते. खरा धोका दुर्लक्षित राहिला तर बाळाचे नुकसान होते. आणि नसलेल्या धोक्याची भीती घातली तर हवी असलेली गर्भधारणा विनाकारण संपवली जाते, किंवा आईचे गरजेचे औषध बंद होते. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अणुअपघात झाला, तेव्हा शेकडो मैल दूर असलेल्या ग्रीसमध्ये केवळ किरणोत्साराच्या भीतीने सुमारे २,५०० हव्या असलेल्या गर्भधारणा संपवल्या गेल्या, असा अंदाज तिथल्या संशोधकांनी नंतर मांडला. तिथे पोहोचलेल्या किरणोत्साराचे प्रमाण गर्भाला व्यंग येण्याइतके नव्हते. म्हणून आधी सल्ला घ्यायचा आणि निर्णय नंतर.

आधी एक आकडा लक्षात ठेवा

कोणतेही औषध न घेतलेल्या, पूर्ण निरोगी स्त्रियांच्या १०० बाळांपैकी साधारण २ ते ३ बाळांत जन्मतः एखादे मोठे व्यंग असते. हा मूळ धोका प्रत्येक गरोदरपणात असतो आणि तो शून्य करता येत नाही. त्यामुळे "बाळ शंभर टक्के चांगलं असेल ना?" याचे उत्तर कोणताही प्रामाणिक डॉक्टर "हो" असे देऊ शकत नाही. त्याऐवजी विचारा, "या गोष्टीमुळे मूळ धोक्यात भर पडली का, आणि पडली असेल तर किती?"

"धोका दुप्पट होतो" असे वाचले की छातीत धस्स होते. पण हजारात एका बाळाला होणारी गोष्ट हजारात दोघांना होऊ लागली, तरी धोका दुप्पटच झाला म्हणतात. अशा वेळी ९९८ बाळे ठीकच असतात. म्हणून "किती पट" याबरोबर "शंभरात किंवा हजारात किती" हेही विचारा.

कधी घेतले, यावर बरेच काही ठरते

थॅलिडोमाइड या औषधाने जगाला हा धडा शिकवला. १९५७ मध्ये जर्मनीत ते बाजारात आले, आणि पुढे मळमळीसाठी गरोदर स्त्रियांनाही दिले गेले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळांच्या हातापायांत आणि इतर अवयवांत व्यंगे आली होती. हे नुकसान गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवसांच्या छोट्या काळात होत होते. त्यानंतर घेतलेल्या गोळीने हातापायांवर तसा परिणाम दिसला नाही.

गर्भाच्या वाढीचे ढोबळ टप्पे असे आहेत :

- शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून पहिले ४ आठवडे : या काळात मोठे नुकसान झाले तर गर्भ टिकत नाही, आणि टिकला तर बहुधा पूर्ण सावरतो. अपवाद आहे तो शरीरात दीर्घकाळ राहणाऱ्या औषधांचा.
- ५ ते १० आठवडे : हृदय, मेंदू, मज्जारज्जू, हातपाय, चेहरा यांची घडण याच काळात होते. व्यंग निर्माण होण्याचा धोका इथे सर्वांत जास्त असतो.
- त्यानंतर : अवयव तयार झालेले असतात, पण मेंदूची वाढ, वजन आणि मूत्रपिंडाचे काम यांवर परिणाम होऊ शकतो.

म्हणून डॉक्टर सर्वांत आधी पाळीची तारीख विचारतात. ती आठवत नसेल तर लवकर केलेल्या सोनोग्राफीवरून गर्भाचे वय नक्की करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एक्स-रे. छातीच्या एका एक्स-रेमध्ये गर्भापर्यंत ०.०१ मिलीग्रेपेक्षाही कमी किरण पोहोचतात. दाताच्या एक्स-रेमध्ये तर नगण्यच. निसर्गातून मिळणारे किरण नऊ महिन्यांत ०.५ ते १ मिलीग्रे असतात. व्यंगाचा धोका ५० मिलीग्रेच्या खाली वाढलेला आढळलेला नाही. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्येही मात्रा सहसा याच्या खाली राहते. त्यामुळे एका एक्स-रेसाठी गर्भपात करण्याचे कारण नाही. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच. थायरॉइडसाठी दिले जाणारे किरणोत्सारी आयोडीन मात्र वेगळे आहे. ते गरोदरपणात देत नाहीत.

ताप आणि दुखण्याच्या गोळ्या. पॅरासिटामॉल गरजेपुरते, योग्य मात्रेत घेता येते. सुरुवातीच्या आठवड्यांतला जास्त तापही बाळाला बरा नसतो, त्यामुळे ताप अंगावर काढू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या दिवस गेल्याचे कळण्याआधी एक-दोनदा घेतल्या गेल्या असतील तर घाबरू नका. पण २० आठवड्यांनंतर त्या टाळाव्यात, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येऊन गर्भजल कमी होऊ शकते. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचाही धोका असतो.

गर्भनिरोधक गोळ्या. रोजची गोळी चालू असताना किंवा ७२ तासांची गोळी घेऊनही दिवस गेले, तर त्या गोळीमुळे व्यंगाचा धोका वाढल्याचे दिसलेले नाही. गोळी थांबवा आणि तपासणीला या.

गर्भपाताच्या गोळ्या. मेडिकलमधून परस्पर आणून घेतल्या, थोडे अंगावर गेले आणि गर्भ मात्र टिकला, असे घडते. यातील मिसोप्रोस्टॉलमुळे हातपाय आणि चेहऱ्याच्या नसांमध्ये व्यंग येण्याचा धोका वाढतो. हे डॉक्टरांपासून लपवू नका. सोनोग्राफी करून पुढचे ठरवावे लागते.

लस. रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत. चुकून दिली गेली असेल तर तेवढ्यावरून गर्भपात करण्याची गरज नाही. कुत्रा चावला असेल तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ती लस आणि जखमेत दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन, दोन्ही गरोदरपणात देता येतात. रेबीज झाल्यावर जीव वाचत नाही, त्यामुळे इथे थांबणे हाच खरा धोका.

कांजिण्या. लहानपणी तुम्हाला येऊन गेल्या असतील तर बहुधा काळजी नाही. आठवत नसेल तर रक्ततपासणीने कळते. प्रतिकारशक्ती नसेल तर रुग्णाशी संपर्क आल्यापासून १० दिवसांच्या आत विशेष इंजेक्शन देता येते. म्हणून पुरळ उठण्याची वाट न पाहता लगेच विचारा.

डास. २०२४ मध्ये पुण्यात सापडलेल्या झिकाच्या रुग्णांमध्ये गरोदर स्त्रियाही होत्या. झिकाने बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. ताप, पुरळ, डोळे लाल होणे, सांधेदुखी असेल तर तपासणी करा. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही.

या औषधांबाबत त्याच दिवशी संपर्क करा

मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन, अपस्मारासाठीचे व्हॅल्प्रोएट, संधिवात किंवा सोरायसिससाठीचे मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, रक्तदाबावरील एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांच्या गटातील गोळ्या आणि लिथियम. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आईच्या १०० बाळांपैकी सुमारे १० बाळांत मोठे व्यंग आढळते, आणि ३० ते ४० बाळांच्या मानसिक-बौद्धिक वाढीत अडचण येऊ शकते.

तरीही फिटची गोळी मनाने बंद करू नका. अचानक बंद केल्याने येणारी मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. गोळी बदलायची असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदलतात. थायरॉइडची गोळी, इन्सुलिन, दम्याचा पंप यांचेही तसेच आहे. "पोटात बाळ आहे, औषधं नकोत" असे घरचे प्रेमाने सांगतात, पण अनियंत्रित साखर किंवा दमा बाळाला त्या औषधांपेक्षा जास्त बाधतो.

घरातल्या आणि शेतातल्या गोष्टी

औषधांबद्दल सगळे विचारतात, पण मिश्रीबद्दल क्वचितच कोणी विचारते. मिश्री म्हणजे तंबाखूच. दाताला लावली तरी निकोटीन रक्तात उतरते. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन त्यात सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही जास्त होते. सोडायला कोणताही महिना उशिराचा नसतो.

कीटकनाशके अंगावर उडून किती विषबाधा होऊ शकते, हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. गरोदर स्त्रीने फवारणी करू नये, औषध कालवू नये, फवारणीचे कपडे धुऊ नयेत आणि ताज्या फवारलेल्या शेतात निंदणी-वेचणीला जाऊ नये.

बाथरूममधला गॅस गिझर चालू असताना डोके जड झाले, चक्कर किंवा उलटी आली तर बाहेर मोकळ्या हवेत या आणि थेट रुग्णालयात जा. कार्बन मोनॉक्साइड बाळाच्या रक्ताला आईच्या रक्तापेक्षा घट्ट चिकटून राहतो. त्यामुळे आईला बरे वाटले तरी बाळाचा धोका टळलेला नसतो.

"नैसर्गिक आहे, काही होत नाही" या भरवशावर कोणतेही भस्म, पुडी किंवा मुलगा होण्याचे औषध घेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ मध्ये भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात जास्त शिसे सापडले होते. शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते. मुलगा की मुलगी हे तर गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते. नंतर घेतलेले कोणतेही औषध ते बदलू शकत नाही.

ग्रहणाने बाळाला व्यंग येत नाही. पण ग्रहण पाळताना तासन्‌तास अन्नपाण्यावाचून बसल्याने आईला त्रास होऊ शकतो.

विचारताना ही माहिती जवळ ठेवा

१. शेवटच्या पाळीची तारीख, सोनोग्राफी झाली असेल तर तिचा रिपोर्ट.
२. औषधाची पट्टी किंवा डबा. "पांढरी गोळी" यावरून काहीच सांगता येत नाही.
३. किती मात्रा, किती दिवस, कोणत्या तारखांना.
४. कशासाठी घेतले.
५. इतर आजार, चालू औषधे, आधीच्या बाळंतपणातील अडचणी.
६. एक्स-रे किंवा सीटी असेल तर शरीराचा कोणता भाग आणि किती वेळा.

कोणाला विचारावे

पहिला संपर्क तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी किंवा फॅमिली डॉक्टरांशी. जवळ डॉक्टर नसतील तर आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा १०४ ही आरोग्य हेल्पलाइन. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते, तिथेही हे विचारता येते. विषबाधेसाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालते. विष पोटात गेले असेल, श्वास लागत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर फोनवर सल्ला घेत बसू नका, १०८ बोलवा. परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी अमेरिकेत 'मदर टू बेबी' ही मोफत सेवा आहे, तर ब्रिटनमध्ये यूकेटीआयएस ही संस्था 'बम्प्स' या संकेतस्थळावर सोप्या भाषेत माहिती देते.

औषधांचे ए, बी, सी, डी, एक्स असे गट इंटरनेटवर अजून दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ पासून नव्या लेबलांवरून ते काढायला सुरुवात केली, कारण एका अक्षरावरून मात्रा, महिना आणि आईचा आजार यांचा काहीच अंदाज येत नाही. त्या अक्षरावरून निर्णय घेऊ नका.

सल्ला मिळाल्यावर

बहुतेक वेळा उत्तर दिलासा देणारेच असते. कधी कधी १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी, हृदयाची तपासणी किंवा रक्ततपासणी सुचवली जाते. सोनोग्राफीत सर्व काही दिसत नाही, पण अनेक मोठी व्यंगे कळतात.

धोका खरोखर मोठा असेल तर गर्भधारणा पुढे न्यायची की नाही, हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने ही मुदत २४ आठवड्यांपर्यंत आहे, आणि बाळात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निदानावरून त्यानंतरही. म्हणजे सहाव्या आठवड्यात एका गोळीच्या धास्तीने दोन दिवसांत निर्णय घेण्याची घाई नसते. तेवढ्या वेळात नीट माहिती मिळवता येते, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते.

घरच्यांसाठी एक विनंती. "कळत नव्हतं का तुला?" असे तिला म्हणू नका. ओरडा बसेल या भीतीने जी गोष्ट लपवली जाते, तिच्यावर सल्ला देता येत नाही. गोळीची पट्टी शोधून द्या आणि तिच्याबरोबर दवाखान्यात या.